गाणं डोक्यात नेमकं कुठं राहतं?

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्या गटांच्या बैठकांत गाण्याबद्दल तीन प्रश्न आले. हप्ते, व्याज, बँकेची फाईल हे सगळं झाल्यावर चहा येतो ना, तेव्हा विचारलेले हे प्रश्न.

पहिला प्रश्न एका वयस्कर मावशींचा. त्या म्हणाल्या, "जात्यावर दोन पायली दळायचो, पण ओवी सुरू असली की हात भरून येत नव्हते. आता नुसता पोछा मारला तरी दमायला होतं. असं का?" दुसरा एका सुनेचा. तिच्या सासूबाईंना लकवा झाला आणि वाचा गेली. पाणी हवं असलं तर बोटानं दाखवतात. पण संध्याकाळी देवळात हरिपाठ सुरू झाला की खाटेवर पडल्या पडल्या शब्दन्‌शब्द म्हणतात. घरातली माणसं म्हणतात, म्हातारी नाटक करते. आणि तिसरा प्रश्न एका गरोदर मुलीच्या आईचा. पोटातलं बाळ हुशार व्हावं म्हणून संगीताचा संच विकायला कुणी आलं होतं. घ्यावा का?

तिन्ही प्रश्न वेगळे दिसतात, पण त्यांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. आपल्या कवटीत सव्वा-दीड किलोचा जो मेंदू आहे, तो गाण्याचं काय करतो, हे कळलं की तिन्ही गाठी सुटतात. म्हणून आज आपण तेच समजून घेऊ.

कानापासून सुरुवात करू

आवाज म्हणजे हवेची थरथर. ढोलकीवर थाप पडली की चामडं थरथरतं, त्याच्या लगतची हवा थरथरते, आणि ती थरथर पाण्यातल्या लाटेसारखी पसरत आपल्या कानापर्यंत येते. आत कानाचा पडदा असतो, तोही थरथरायला लागतो. पडद्यामागं तीन इवलीशी हाडं एकमेकांना जोडलेली असतात. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब म्हणतात. यातली रिकीब ही आपल्या अख्ख्या शरीरातली सगळ्यांत लहान हाडं, साधारण ३ मिलिमीटरची. तांदळाच्या दाण्यापेक्षाही छोटी.

ही हाडं थरथर आणखी आत ढकलतात. तिथं गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढे घेतलेली एक नळी असते. नळीत पाणी भरलेलं असतं आणि तिच्या लांबीभर अतिशय बारीक केसांच्या पेशी ओळीनं बसलेल्या असतात. एका कानात अशा साधारण १५ हजार पेशी असतात. हार्मोनियमच्या पट्ट्या डोळ्यांपुढं आणा. एका टोकाला बारीक, उंच स्वर आणि दुसऱ्या टोकाला खर्जातले जाड स्वर. कानातली ही नळीही तशीच लावलेली असते. तोंडाशी बारीक आवाज उचलणाऱ्या पेशी आणि आतल्या टोकाला जाड आवाज उचलणाऱ्या. बांगडीची किणकिण एकीकडं नोंदली जाते, पखवाजाची धूम दुसरीकडं. नळीत ही लाट कशी पुढं सरकते, हे शोधून काढणाऱ्या जॉर्ज फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळालं होतं.

या पेशी थरथरीचं विजेच्या इशाऱ्यात रूपांतर करतात आणि तो इशारा नसेवाटे मेंदूत जातो. इथपर्यंत गाणं असो की भांड्याचा खणखणाट, प्रवास एकच. खरी गंमत पुढं आहे.

गाण्याला एक खोली नसते

घरात देव्हारा एका कोपऱ्यात, चूल दुसऱ्या कोपऱ्यात, तशी मेंदूत गाण्याची म्हणून एक खोली असेल असं आपल्याला वाटतं. तशी ती नसते. गाणं आलं की अख्खा वाडा जागा होतो. कानाच्या वरच्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, तो स्वरांची उंची ओळखतो. चाल कशी चढते, कशी उतरते हे सांभाळण्यात बहुतेक लोकांचा उजवा मेंदू पुढं असतो. गाण्यातले शब्द आणि बोलणं सांभाळण्यात बहुतेकांचा डावा मेंदू पुढं असतो. ताल सांभाळायला हातापायांच्या हालचाली चालवणारे भाग येतात. आठवणींचा भाग जुनी ओळख काढतो. आणि सुख-दुःख वाटणारा खोलवरचा भाग डोळ्यांत पाणी आणतो नाहीतर अंगावर काटा.

एवढे सगळे भाग एका वेळी कामाला लागतात, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढची सगळी उत्तरं यातूनच येतात.

ओवीनं काम हलकं का होतं?

आता मावशींच्या प्रश्नाकडं येऊ. हलगी वाजायला लागली की आपण उभ्या असतो तिथंच पाऊल हलतं. कुणी शिकवावं लागत नाही. शास्त्रज्ञांनी माणसांना यंत्रात अगदी निश्चल झोपवून ताल ऐकवला आणि त्यांच्या मेंदूचे फोटो काढले. अंग हलत नव्हतं, पण मेंदूतले हालचाल चालवणारे भाग मात्र जागे झाले होते. म्हणजे ताल ऐकणं ही अर्धी हालचालच आहे. अंग हलायच्या आधी मेंदू मनातल्या मनात नाचून घेतो.

हे आपण जन्मतःच घेऊन येतो. हंगेरीत २००९ साली दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला. मधेच ठेक्यातला मुख्य ठोका गाळला. बाळ झोपेत होतं, तरी त्याच्या मेंदूनं चुकलेल्या ठोक्याची नोंद घेतली. ज्याला अजून आईचं तोंड नीट दिसत नाही, त्याला ठेका चुकलेला कळतो.

जात्याचा खुंटा फिरवताना काय होत होतं? ओवीच्या ठेक्यावर मेंदूला पुढचा फेरा कधी येणार हे आधीच कळायचं. दर वेळी नव्यानं जोर काढावा लागत नव्हता. हात ठरलेल्या वेळी आपोआप फिरायचा. दोघी दळायला बसल्या की एकीनं ओढायचं, दुसरीनं ढकलायचं, दोघींची ताकद एका लयीत बसायची. खुरपताना भलरी म्हणणाऱ्या बायांनाही हे ठाऊक होतं, फक्त त्याला शास्त्र म्हणायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण मावशींच्या प्रश्नात अजून एक बारकावा आहे. पोछा मारतानाही मोबाईलवर गाणी सुरू असतातच की. मग तेवढं हलकं का वाटत नाही? याचा काही अंश २०१३ साली जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात सापडतो. तिथं व्यायामाच्या यंत्रांना अशी जोडणी केली की माणसानं जोर लावला की त्यातून संगीत निघावं. काही वेळा लोकांनी नुसतं गाणं ऐकत व्यायाम केला आणि काही वेळा स्वतःच्या जोरानं संगीत काढत केला. काम तेवढंच होतं. पण स्वतः संगीत काढताना लोकांना दमल्यासारखं कमी वाटलं, आणि अंगही जरा काटकसरीनं चाललं. ऐकलेल्या गाण्यापेक्षा स्वतः काढलेलं गाणं शीण जास्त हलका करतं, असा त्याचा अर्थ.

मैत्रिणींनो, जातं परत आणा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पहाटे तीनला उठून दळण्यात काय हौस होती हे आपल्या आज्यांना विचारा. गिरणी आली, खांद्यांना विसावा मिळाला, चांगलं झालं. पण जात्यासोबत आपला आवाजही माळ्यावर जाऊन पडला. तो कामाला येतो. भाजी निवडताना, पापड लाटताना, शेवया करताना मोबाईल बाजूला ठेवून आपल्या तोंडानं म्हणून बघा.

समेची वाट बघणारा मेंदू

गाणं आवडतं म्हणजे काय होतं? तबल्याच्या मैफलीत किंवा आपल्या भजनातच बघा. पखवाज वाजवणारा गडी ठेका सोडून कुठल्या कुठं फिरून येतो आणि नेमका समेवर येऊन थाप देतो. त्या क्षणी सगळ्यांच्या माना एकदम डोलतात. का डोलतात? कारण सगळ्यांचा मेंदू त्या समेची वाट बघत होता.

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातल्या शास्त्रज्ञांनी २०११ साली हे तपासलं. ज्यांच्या अंगावर गाणं ऐकून काटा येतो, अशा लोकांना त्यांचीच आवडती गाणी ऐकवली. आवडता क्षण आला की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं, असं दिसलं. भूक लागल्यावर भाकरी समोर आली की जे सुख वाटतं, त्यातही हेच रसायन असतं. आणि गंमत अशी, की तो क्षण यायच्या आधीच, नुसत्या वाट बघण्यानंही ते सुटायला लागलं होतं. माहेरची गाडी फाट्यावर दिसायच्या आधीच जीव कसा हरखतो, तसं.

म्हणून ओळखीचं गाणं जास्त गोड लागतं. पुढं काय येणार हे माहीत असतं, आणि ते येतं. एखादी चाल आपल्याला गोड वाटावी आणि परक्याला तशी वाटू नये, यातही सवयीचा भाग मोठा. बोलिव्हिया देशात ॲमेझॉनच्या जंगलात चिमाने नावाचे लोक राहतात. बाहेरचं संगीत त्यांच्या कानांवर फारसं पडलेलं नाही. शहरी माणसाला जे स्वर एकमेकांशी भांडतात असं वाटतं आणि जे जुळतात असं वाटतं, ते दोन्ही त्यांना सारखेच गोड लागतात, असं २०१६ साली दिसून आलं. तेव्हा कुणी आपल्या ओवीला किंवा गोंधळाला "हे काय गाणं" म्हणून नाक मुरडलं, तर समजा, त्याच्या कानाला सवय नाही.

आणखी एक. काही माणसांना गाण्यात खरोखरच गोडी वाटत नाही. कान धड, मेंदू धड, बाकी सगळी सुखं कळतात, पण गाण्यानं काही होत नाही. काहींना चालीतला फरकच कळत नाही, कितीही शिकवलं तरी. हा मेंदूतल्या जोडणीचा फरक आहे. अशी मुलगी तुमच्या घरात असेल तर तिला "बेसूर" म्हणून हिणवू नका.

वाचा गेली, पण हरिपाठ येतो

आता त्या सुनेच्या प्रश्नाकडं. हा आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात एका बाईची अब्रू पणाला लागली होती.

लकवा म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटणं किंवा तिथं रक्तस्राव होणं. मघाशी सांगितलं, बोलणं बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतं. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडं एक रुग्ण होता. त्याला सगळं समजायचं, पण तोंडातून फक्त "तान" एवढाच शब्द निघायचा. तो वारल्यावर मेंदू तपासला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला सापडला. तेव्हापासून डॉक्टरांना माहीत आहे की तो भाग गेला तर माणूस मुका होतो, पण वेडा होत नाही. त्याला कळतं, सांगायचं असतं, पण शब्द जुळत नाहीत.

मग हरिपाठ कसा येतो? दोन कारणं. एक म्हणजे चाल सांभाळणारा उजवा मेंदू शाबूत असतो. दुसरं, हरिपाठ म्हणताना शब्द नव्यानं जुळवावे लागत नाहीत. चाळीस वर्षं रोज म्हणून ते एका माळेत ओवले गेलेले असतात. पहिला मणी ओढला की पुढचे आपोआप येतात. अशा रुग्णांना कधी कधी एक-दोन-तीन मोजता येतं, वारांची नावं घेता येतात, रागात शिवीसुद्धा स्पष्ट येते. पण "मला पाणी दे" हे वाक्य त्या क्षणी नव्यानं जुळवायचं असतं, आणि जुळवणारा भागच दुखावलेला असतो.

म्हणजे ती सासू नाटक करत नव्हती. तिला गाता येत होतं आणि बोलता येत नव्हतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा मुलाला आणि सुनेला हेच सांगितलं. ऐकता ऐकता त्या माउलीच्या डोळ्यांना धार लागली. तिला सगळं कळत होतं. इतके दिवस तिच्या समोरच तिच्याबद्दल जे बोललं गेलं, तेही कळलं होतं.

या गाण्याचा उपचारातही उपयोग होतो. अमेरिकेत बोस्टन शहरात १९७३ साली डॉक्टरांनी एक पद्धत मांडली. रोजच्या कामाचं छोटं वाक्य घ्यायचं, "पाणी दे", "दार लाव". ते एक उंच आणि एक खालच्या स्वरात, पाळणा म्हटल्यासारखं संथ म्हणायचं. प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातानं मांडीवर ठोका द्यायचा. आधी आपण म्हणायचं, मग दोघांनी मिळून, मग त्यांनी एकट्यानं. हळूहळू चाल कमी करत साध्या बोलण्यावर आणायचं. तिथल्या खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांना २०११ साली डोक्यात डाव्या बाजूला गोळी लागली आणि वाचा गेली. त्यांना पुन्हा बोलतं करण्यात गाण्याच्या उपचाराचा मोठा हात होता.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे काही जादूचं औषध नाही. सगळ्यांना सारखा गुण येत नाही आणि महिनोन् महिने लागतात. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना विचारून घरी सराव करा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आणि लकव्याची खूण पाठ करून ठेवा. हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला वाकडं होतंय, दोन्ही हात वर करताना एक खाली पडतोय, बोलणं अडखळतंय. यातलं एक जरी अचानक दिसलं तरी लगेच १०८ ला फोन करा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. मालिश, जडीबुटी, उतारा यांत ते तास घालवू नका.

विसरभोळ्या म्हाताऱ्यांना गाणं का आठवतं?

आठवणींचंही असंच आहे. क्लाइव्ह वेअरिंग नावाचे इंग्लंडमधले एक संगीतकार. १९८५ साली त्यांना मेंदूला सूज येणारा आजार झाला आणि स्मरणशक्ती गेली. बायको खोलीबाहेर जाऊन दोन मिनिटांत परत आली तरी वर्षांनी भेटल्यासारखे तिला मिठी मारायचे. पण पियानोपुढं बसवलं की अख्खी रचना वाजवायचे. दुपारी काय खाल्लं ही आठवण एका वाटेनं साठते, आणि हातांना, गळ्याला झालेली सवय दुसऱ्या वाटेनं. एक वाट बुजली तरी दुसरी उघडी राहू शकते.

आपल्या गावातही स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा असतात. लेकीला ओळखत नाहीत, पण तरुणपणचं गाणं लागलं की ओठ हलतात. तरुण वयात, लग्नाच्या आसपास ऐकलेली गाणी मेंदूत सगळ्यांत खोल रुजलेली असतात. त्यांच्या बेचैनीच्या वेळी, अंघोळ घालताना, जेवू घालताना त्यांच्या माहेरची ओवी किंवा त्यांच्या काळचं गाणं म्हणा. आजार बरा होणार नाही, पण ती वेळ शांत जाते. तुमचीही आणि त्यांचीही.

कंपवाताच्या रुग्णांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडतात. त्यांना ठरावीक ठेका ऐकवला की पाऊल उचलायला मदत होते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात अशा रुग्णांनी घरी ३ आठवडे ठेक्यावर चालण्याचा सराव केला, तर त्यांची चाल वेगवान झाली आणि पाऊल लांब पडू लागलं. टाळ्या वाजवून, "एक-दोन, एक-दोन" म्हणूनही हे करता येतं. फक्त आधाराला कुणीतरी सोबत हवं.

बाळासाठी संच विकत घ्यायचा का?

आता तिसरा प्रश्न. "अमुक संगीत ऐकलं की बाळ हुशार होतं" ही गोष्ट सुरू कुठून झाली ते सांगतो. १९९३ साली अमेरिकेत ३६ कॉलेजच्या मुलांना मोझार्ट या संगीतकाराची एक रचना दहा मिनिटं ऐकवली. त्यानंतर एका प्रकारच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटंच टिकला. त्यात बाळ नव्हतं, गरोदर बाई नव्हती. पण बातमी फुगत गेली. १९९८ मध्ये तिथल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी तर प्रत्येक नवजात बाळाला सरकारी खर्चानं अशी सीडी द्यायचं ठरवलं. पुढं इतर शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग करून बघितला, तर अनेकांना तो फरक सापडलाच नाही. ज्यांना सापडला, त्यांनाही असं दिसलं की मन प्रसन्न करणारी कुठलीही गोष्ट ऐकली तरी तेवढाच फरक पडतो.

मग पोटातलं बाळ काही ऐकतच नाही का? ऐकतं. साधारण सहाव्या महिन्यापासून त्याला आवाज कळायला लागतात. आणि सगळ्यांत जास्त ऐकू येतो तो आईचा आवाज, कारण तो हवेतूनच येत नाही, आईच्या हाडामांसातूनही आत पोचतो. १९८६ साली एक प्रयोग झाला. काही आयांनी शेवटचे सहा आठवडे रोज एकच गोष्ट मोठ्यानं वाचली. जन्मल्यावर बाळांना ती गोष्ट आणि दुसरी गोष्ट ऐकवली, तर बाळांनी ओळखीची गोष्ट पसंत केली.

तेव्हा आमचं उत्तर असं. संच घेऊ नका. पोटावर हेडफोन लावू नका. ते पैसे तिच्या अंड्या-दुधाला, शेंगदाणा-गुळाला लावा. आणि लेकीला म्हणावं, जे आवडतं ते तूच गुणगुण. जन्मल्यावर अंगाई म्हण. अंगाईचा गुण तर भाषेपलीकडचा आहे. अमेरिकेतल्या तान्ह्या बाळांना परक्या देशांच्या, कधीच न ऐकलेल्या भाषांतल्या अंगाया ऐकवल्या, तरी त्यांच्या छातीचे ठोके संथ झाले, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तुमचा आवाज फाटका असला तरी बाळाची काही तक्रार नसते.

कान जपा

एवढं सगळं गाणं आत येतं ते त्या १५ हजार केसांच्या पेशींतून. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. दात पडला तर कवळी बसते, याला तशी सोय नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सोसता येतो, असं धरलं जातं. त्यावर दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. हिशोब आपल्याला येतो, करून बघा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. वरातीतल्या मोठ्या डीजेच्या भिंतीपुढं आवाज याहून वर जातो. तिथं कडेवर तान्हं बाळ घेऊन नाचणाऱ्या बाया आपण बघतो. नंतर कानात शीळ वाजत राहिली तर समजा, पेशींना मार बसला आहे.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सरकारनं ठरवून दिलेल्या वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांपुरती रात्री १२ पर्यंत सवलत असते. ग्रामसभेत हा विषय मांडायला एका बाईला जड जातं. दहा गटांनी मिळून मांडला तर जड जात नाही.

गटानं काय करावं?

इंग्लंडमध्ये २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी प्रौढांचे वर्ग सात महिने चालवले. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांत माणसं जवळ आली. पण गाण्याच्या वर्गात ती जवळीक फार लवकर, अगदी सुरुवातीलाच आली. एकत्र गाताना आपण एका वेळी श्वास घेतो, एका वेळी सोडतो. स्वीडनमधल्या अभ्यासात तर एकत्र गाणाऱ्यांच्या छातीचे ठोकेही सोबत चढताना-उतरताना दिसले. भोंडला, झिम्मा, मंगळागौर, भजन यांत परक्या घरून आलेल्या सुना एका आळीच्या होऊन जायच्या, त्यामागं हेही होतं.

म्हणून आमची सूचना अशी. बैठकीच्या सुरुवातीला पाच-दहा मिनिटं एकत्र गाणं ठेवा. नवी सभासद आली असेल त्या दिवशी तर नक्की. एक म्हणेल, बाकीच्या उचलतील. सुराची परीक्षा घ्यायची नाही, आणि जिला गायचं नाही तिनं टाळी धरावी.

दुसरं काम जरा घाईचं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी कार्यकर्त्या बायांना सोबत घेऊन महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पण तुमच्या आळीतल्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही. ती तिच्या एकटीच्या डोक्यात असू शकते. आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे. तिला विचारून, तिची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा. नाव, गाव, माहेर, कुणाकडून शिकली हे वहीत लिहा. बसून आठवत नसेल तर तिच्या हातात खुंटा द्या. जातं नसेल तर नुसता हात तसा फिरवायला सांगा. ओवी हातातही राहते हे आपण आज बघितलंच. हात फिरला की बहुधा शब्द मागून येतील.

पुढच्या वेळी पीक विम्याच्या अर्जाबद्दल बोलू. नमस्कार.